नाव

सुती कापडात गुंडाळून आणलंय तिनं कार्ड,
हातभर लांब, हिरवं, कडेची पत्र्याची पट्टी गंजलेली.
"गिरणीच्या पगार-खात्यातलं," ओतिलिया सांगते.
"भंगारात चाललं होतं. मी पिशवीत टाकलं."
मग हातमोजे काढून बसते,
दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहावी तशी.

झेनोन आधी टँटलम पाहतो.
मसुराएवढा पिवळा थेंब, पोटात जळालेला.
उपटला. नवा डकवला.
डाखाचा धूर खिडकीतून खाली अंगणात,
तिथे कुणीतरी दांड्यावर गालिचा टाकून झोडपतंय.

मॉनिटर तापायला वेळ घेतो, म्हाताऱ्यासारखा.
ऐंशी रकाने, पंचवीस ओळी,
आणि सगळी गफलत.
ए चा सी, डी चा एफ. बी तेवढा शाबूत.
ध चा मा व्हायला
दरबार लागत नाही, कारस्थान लागत नाही,
मेमरीचा एक बिट एकवर अडकला की झालं.

चिप बदलली. ए घरी आला, डी घरी आला.
पण अक्षरांभोवती ठिपके,
काळ्या कोटाच्या खांद्यावर कोंडा दिसावा तसे.

"हे कुठे ठेवलं होतं?"
"स्वयंपाकघरात. जिरेनियमच्या कुंडीमागे.
चांगलं ऊन येतं तिथे."

अक्षरांच्या चिपला काचेची छोटी खिडकी असते,
खिडकीवर कागदाची पट्टी,
ती केव्हाच गळून गेलेली.
आणि हिचं विसरणं आपल्या उलट.
विसरलेला कण विझत नाही, पेटतो.
सगळं विसरली
की पडदाभर नुसता लख्ख हिरवा उजेड.

ओतिलिया एवढंच विचारते:
"मग बोगुमिलचा झेड गेला?"

त्यांच्या भाषेत ह्या शहराचं नाव म्हणजे नाव,
पाण्यावर चालते ती.
पाणी मात्र दिसत नाही कुठे,
नद्या केव्हाच गिरण्यांखाली मोऱ्यांत कोंडल्या.
परदेशातून कार्ड आलं तेव्हा
पगारपत्रकाच्या माथ्यावर, मोठ्या लिपीत,
चार अक्षरांतली तीन त्याला ठाऊकच नव्हती:
एलवरची आडवी-तिरकी रेघ, ओवरची मात्रा, झेडवरची मात्रा.
उरायचा एकटा डी,
होडी बुडाल्यावर वल्हं तरंगावं तसा.
आणि सूतखात्यातली वुत्स्या
सात महिने पगार घ्यायची बिनमुंडक्याच्या नावानं.
सही करताना हसायची.
आठव्या महिन्यात नाही हसली.

तेव्हा बोगुमिल, वीजखात्यातला,
रात्रपाळीला चौकटीची वही घेऊन बसला.
आठ घरं रुंद, चौदा घरं उंच,
पेन्सिलीनं एकेक घर काळं करत.
अठरा अक्षरं.
चिप कुठे भाजून आणली ते कुणी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.

वही आहे. पिशवीच्या तळाशी,
बटाट्याचा वास लागलेली.

झेनोन चष्मा कपाळावर ढकलतो,
काळं घर एक, कोरं घर शून्य,
ओळीमागून ओळ आकडे टाकत जातो.
गालिच्याचा आवाज थांबलाय.
ओतिलिया कपातला चहा न पिता ढवळते आहे.

"झेडवरची मात्रा एक घर डावीकडे गेलीय," तो म्हणतो.
"असू दे तशीच?"
"छे! सरळ करा.
स्वतःच कुरकुरायचा तो त्या मात्रेवरून,
मरेपर्यंत."

एक घर उजवीकडे.
जुनी चिप निळ्या दिव्याखाली पुसली,
म्हणजे पुरती पेटवली, आणि मग नव्यानं विझवत नेली,
अक्षर उरेल तेवढंच ठेवून.

ओतिलिया एका बोटानं टाइप करते.
शहराचं नाव नाही.
वुत्स्या, मग आडनाव, मग खाते क्रमांक,
तोही पाठ. मग आकडा,
मग थोडा विचार करून तो खोडते
आणि जास्तीचा टाकते.

"किती झाले?"
झेनोन उत्तर देत नाही.
चंदेरी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापून
तो चिपच्या खिडकीवर लावतो, अंगठ्यानं दाबतो.
पुन्हा एकदा दाबतो.
"कुंडी हलवा," म्हणतो. "किंवा हे."